वाट पाहणाऱ्यांसाठी पाच आठवड्यांचा अभ्यास : उतारे, क्रम आणि कुठे गाडं अडतं

जैतूनडहाळी (धागाकर्ती)

सर्वांना सलाम. मंडळीत बुधवारच्या अभ्यासासाठी पाच आठवड्यांची मालिका बसवायची आहे. विषय : देवाच्या वेळेची वाट पाहणं. येणाऱ्यांत लग्न जमत नाही म्हणून टोमणे खाणारे आहेत, एमपीएससीचे प्रयत्न संपत आलेले आहेत, मूल व्हावं म्हणून उपचार घेणारी जोडपी आहेत, घरातल्या लांबलेल्या आजारपणाने थकलेले आहेत. ‘प्रभूची वेळ कधी चुकत नाही’ हे वाक्य या सगळ्यांना पाठ आहे. तेच पुन्हा ऐकवायचं असेल तर बुधवारी घरीच बसलेलं बरं.

विचारायचंय ते असं : कोणते उतारे घ्यावेत, तासाभरात प्रत्यक्ष काय करून घ्यावं, आणि काय बिघडतं. साक्षींचा धागा वेगळा आहे, तेव्हा इथे स्वतःचे अनुभव नकोत. काम कसं करायचं तेवढं लिहा.

---

शाफानचा_लेखणीदान

पहिला आठवडा यिर्मया 28 आणि 29. एकत्रच घ्या, 29 एकटा घेऊ नका. 29:11 (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प’) आपल्याकडे कॅलेंडरवर, चहाच्या मगवर, लग्नाच्या पत्रिकेवर असतं आणि दहावं वचन मात्र कुणी छापत नाही. दहाव्यात बाबेलची 70 वर्षं सांगितली आहेत.

पार्श्वभूमी पाच मिनिटांत सांगून होते. इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेममधून राजा यकन्या, दरबारी, सुतार, लोहार असे लोक बाबेलला नेले. मागे सिद्कीया राजा. त्याच्या चौथ्या वर्षी पाचव्या महिन्यात गिबोनचा हनन्या मंदिरात सगळ्यांसमोर म्हणतो की दोन वर्षांत मंदिराची पात्रंही परत येतील आणि यकन्याही. लोकांना हेच ऐकायचं होतं. संदेष्टा यिर्मया त्याला काय म्हणतो ते वर्गाला मोठ्याने वाचायला लावा : आमेन, परमेश्वर असंच करो! त्यालाही ते हवंच होतं. मग हनन्या त्याच्या मानेवरचं लाकडी जू (बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून घातलेलं) मोडतो आणि यिर्मया काही न बोलता निघून जातो. देवाकडून उत्तर यिर्मयाला नंतर मिळतं. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो.

आता 29 मधलं पत्र, यिर्मयाने बाबेलला नेलेल्यांना लिहिलेलं. ते सिद्कीयाच्याच वकिलांच्या हाती बाबेलला गेलं. त्यात घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा, असं सगळं आहे. ज्यांनी ते पत्र हातात घेऊन वाचलं त्यांतले बहुतेक परतीचा दिवस पाहू शकणार नव्हते. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प’ हे शब्द या लोकांना लिहिलेले आहेत. वर्गात एवढं एकच नीट पोचलं तरी पहिला बुधवार वसूल.

करून घ्यायचं काम : प्रत्येकाला कोरा कागद. डावीकडे ‘मी काय थांबवून ठेवलंय’, उजवीकडे ‘ते आत्ता सुरू करायला कोणाची परवानगी लागते’. दहा मिनिटं. लग्न झाल्यावरच घर लावू, नोकरी लागल्यावरच दात डॉक्टरांना दाखवू, मूल झाल्यावरच मंडळीच्या सहलीला जाऊ, अशा गोष्टी निघतात. उजवा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो. त्यातली एक गोष्ट पुढच्या बुधवारपर्यंत करायची. एकच.

काय बिघडतं : कोणीतरी विचारतंच, ‘मग माझीही 70 वर्षं का?’ हसण्यावारी नेऊ नका. ते पत्र एका राष्ट्राला होतं, कुणा एकाच्या लग्नाचा हिशेब त्यातून निघत नाही, हे सरळ सांगा. दोन वर्षांचा आकडाही निघत नाही आणि सत्तरचाही नाही.

---

बाकावरचा

+1. फक्त 70 च्या हिशेबात शिरू नका. 605 पासून मोजा, 597 पासून मोजा, 586 ला मंदिर पाडलं तिथून 516 च्या नव्या मंदिरापर्यंत मोजा, प्रत्येकाचा एक लाडका तक्ता असतो आणि तास त्यातच जातो. इ.स.पू. 539 मध्ये बाबेल पारसाचा राजा कोरेश याच्या हाती पडलं एवढं पुरे.

---

किती_काळ

दुसऱ्या आठवड्याला स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं, आणि पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ चार वेळा. विलापाचा साचा शिकवायला याहून सोपं स्तोत्र नाही. वचन 1 आणि 2 तक्रार, 3 आणि 4 मागणी, 5 भरवसा, 6 स्तुती.

वर्ग असा चालवा. स्तोत्र दोनदा वाचा, दुसऱ्यांदा सावकाश, वाचणारा वेगळा. मग सहा ओळींची स्वतःची प्रार्थना लिहायला सांगा. पहिली ओळ हाक, देवाचं नाव, विशेषणं नकोत. दुसरी-तिसरी तक्रार. चौथी मागणी, मोजता येईल अशी. ‘सर्व ठीक कर’ ही मागणी नव्हे, ‘15 तारखेच्या मुलाखतीत माझी जीभ अडखळू नये’ ही मागणी. पाचवी भरवसा, सहावी मोकळी सोडायची. स्तुती येत असेल तर लिहा, नसेल तर रिकामी ठेवा.

ती सहावी ओळ फार महत्त्वाची. लोक दुसऱ्या ओळीतच ‘तरी तुझे आभार’ लिहून मोकळे होतात. लहानपणापासून तेच शिकवलंय, की तक्रार म्हणजे अविश्वास. अशा कागदावर तक्रार शोधून सापडत नाही. तेव्हा नियम करा : पहिल्या तीन ओळींत आभार, स्तुती, ‘पण’ आणि ‘तरी’ हे चारही बंद. सुरुवातीला कुरकुर होते, मग पेनं चालू लागतात.

वाचून दाखवायची सक्ती नको. कागद ज्याचा त्याने घरी न्यावा.

चाल लागली तर विलापगीत तिसरा अध्यायही घ्या, पण पूर्ण. सगळे 22 पासून सुरू करतात, ‘त्याची दया रोज सकाळी नवी’. त्याआधीच्या 20 वचनांत देव दबा धरून बसलेल्या अस्वलासारखा दिसतो, तेही त्याच माणसाने लिहिलंय. अध्याय 1, 2 आणि 4 प्रत्येकी 22 वचनांचे, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने. तिसरा 66, म्हणजे प्रत्येक अक्षराला तीन. दुःखाला असा काटेकोर साचा दिलाय, आणि आपण म्हणतो की मनापासूनची प्रार्थना उत्स्फूर्तच हवी.

---

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, वाचक म्हणून डोकावतोय. देवाशी भांडायची लाज वाटते हे वाचून नवल वाटलं. आमच्याकडे नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाला काय काय बोललेत! तुकोबांनी तर दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेलं पाहिलं होतं. तुमच्याकडे मराठीत असं काही नाही का?

---

किती_काळ

आहे ना. ना. वा. टिळकांचा (1861–1919) पिंडच संतकवितेवर पोसलेला, आणि बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी अभंग आणि भजनं लिहिली, ती आजही उपासनेत गातात. त्यामुळे ही अडचण मराठीपणाची नाही. ‘चर्चमध्ये नीटच बोलायचं’ ही सवय वेगळीकडून आलीय. जैतूनडहाळी, यावरून एक सुचतं : सहा ओळींऐवजी ज्यांना जमेल त्यांना अभंगाच्या छोट्या चार चरणांत लिहायला द्या. वयस्कर बायकांना ते गद्यापेक्षा सोपं जातं. यमक जुळवताना कान भाषेकडे लागतो आणि तक्रार आपोआप धीट होते.

---

जैतूनडहाळी

हे फारच उपयोगी. एक शंका. तक्रार आणि भरवसा झाला. पण काही लोक ‘देवाची वेळ आली नाही’ म्हणून फॉर्मच भरत नाहीत. त्यांचं काय करायचं?

---

भिंतीचा_मुकादम

त्यांच्यासाठी नहेम्या 1 आणि 2. हा तिसरा आठवडा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा.

किसलेव महिन्यात बातमी येते की यरुशलेमची भिंत पडलीय, वेशी जळाल्यात. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या रडतो, उपवास करतो. राजाशी बोलतो तो नीसान महिन्यात. मध्ये चार महिने. या चार महिन्यांत काय केलं ते शास्त्रात लिहिलेलं नाही, पण राजाने ‘तुला काय हवं?’ विचारल्यावर जे बाहेर येतं त्यावरून कळतं. किती दिवस लागतील ते सांगितलं. नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं मागितली. राजाच्या रानाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडाची चिठ्ठी मागितली, तीही कशाकशाला हे सांगून : गढीच्या वेशींना, शहराच्या भिंतीला आणि स्वतःच्या घराला. म्हणजे घडी आली तेव्हा यादी तयार होती. उत्तर देण्याआधी त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली, हेही त्याच वाक्यात आहे. पुढे भिंत 52 दिवसांत उभी राहिली.

काम : पानाचे तीन भाग करा. किल्ली माझ्याकडे, किल्ली दुसऱ्या माणसाकडे, किल्ली कोणाकडेच नाही. ज्याची वाट पाहताय त्याचे तुकडे करून या तीन भागांत टाका. नोकरी हा एक तुकडा नाही. बायोडाटा माझ्याकडे, जुन्या साहेबांचं शिफारसपत्र दुसऱ्याकडे, कंपनीत जागा निघणं कोणाकडेच नाही. लग्नाचंही तसंच : विवाह मंडळाच्या सूचीत नाव घातलंय का, अपेक्षांची यादी कोणी लिहिली, आईने की मुलीने, घरच्यांनी नकार देताना कारण नोंदवलं का. पहिल्या भागातल्या प्रत्येक नोंदीला तारीख टाकायची. दुसऱ्या भागात ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला कधी फोन करायचा ते लिहायचं. तिसऱ्या भागासाठी प्रार्थना, आणि तिथे तारीख टाकायची नाही.

गोंधळ होतो तो दोन टोकांना. आळशी माणूस सगळं तिसऱ्या भागात टाकतो. काळजीखोर माणूस सगळं पहिल्यात, डॉक्टरांच्या रिपोर्टसकट. दोघांना शेजारी बसवा आणि एकमेकांची पानं तपासायला द्या.

---

शाफानचा_लेखणीदान

याला जोड म्हणून यिर्मया 32. यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अनाथोथचं शेत चुलतभावाकडून 17 शेकेल चांदी तोलून देऊन विकत घेतो. अंदाजे 200 ग्रॅम चांदी. साक्षीदार, सही-शिक्का, एक बंद प्रत, एक उघडी प्रत, दोन्ही त्याचा लेखक बारूख याच्याकडून मातीच्या भांड्यात, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. आणि मजा पाहा, ‘हे काय करायला सांगितलंस?’ अशी प्रार्थना तो खरेदीखत झाल्यावर करतो. कागदपत्रं आधी, शंका नंतर.

---

बाकावरचा

चौथ्या आठवड्याला घाईची बाजू घ्यावी. उत्पत्ति 16 : अब्राहाम 75 व्या वर्षी निघाला, कनानात दहा वर्षं गेल्यावर मूल होईना म्हणून साराने आपली दासी हागार पुढे केली, 86 व्या वर्षी इश्माएल. इसहाक 100 व्या वर्षी. आणि 1 शमुवेल 13 : राजा शौल सात दिवस थांबला, लोक पांगायला लागले, संदेष्टा शमुवेल येईना, म्हणून होम स्वतःच केला आणि संपवतो न संपवतो तोच शमुवेल दारात.

---

मधल्या_रांगेतली

उत्पत्ति 16 जपून. साराने घाई केली म्हणून शिकवताना हागारेची हालअपेष्टा एका वाक्यात उडवली जाते. ज्या बाईला रानात देव नावाने हाक मारतो आणि जी देवाला नाव देते, ती ‘साराची चूक’ एवढ्यावर संपवू नका. दुसऱ्याच्या घाईची किंमत तिने भरली. वर्गात अशाही बायका बसलेल्या असतात.

आणि निपुत्रिक जोडप्यांसमोर सारा, हन्ना, अलीशिबा अशी माळ ओवू नका. त्या माळेतून निघणारा अर्थ एकच : थांबा, होईलच. शास्त्रात हे वचन त्या त्या बाईला दिलेलं आहे, सरसकट नाही. हन्नाचा उतारा घ्यायचाच तर याजक एलीवर बोट ठेवा. ओठ हलतायत, आवाज नाही, म्हणून त्याने तिला दारूडी ठरवलं. दुःखात असलेल्याला पाळकसुद्धा किती चुकीचं वाचू शकतो याचा हा नमुना.

आता सभा चालवण्याबद्दल, कारण उतारे कितीही चांगले असले तरी घोटाळा इथेच होतो.

सभा दीड तासापेक्षा जास्त लांबवू नका. सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगा आणि फळ्यावर लिहून ठेवा : विचारल्याशिवाय सल्ला नाही, कोणी कोणाला तारीख द्यायची नाही, इथलं इथेच. दुसरी सर्वांत जास्त मोडते. ‘या नाताळापर्यंत पाळणा हलणार असं प्रभूने दाखवलंय’ असं प्रेमाने म्हटलं जातं. नाताळ येतो, पाळणा हलत नाही, आणि ती बाई जानेवारीत चर्च सोडते, कारण तिला वाटतं विश्वास आपलाच कमी पडला. असं कोणी बोललं तर तिथल्या तिथे, शांतपणे, सर्वांसमोर थांबवा. मागाहून फोन करून उपयोग नाही, वाक्य तोवर घरी पोचलेलं असतं.

प्रार्थना-विनंत्या मोठ्याने वाचायच्या नाहीत. चिठ्ठ्या घडी घालून टोपलीत, ज्याला जी मिळेल त्याने आठवडाभर त्यासाठी मागायचं. चिठ्ठीवर नाव ऐच्छिक. ‘अमुकच्या घरचा त्रास’ असं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे प्रार्थनेच्या नावाखाली बातमी वाटणं.

यशाच्या साक्षी या पाच आठवड्यांत ठेवू नका. त्या खोट्या नसतात, पण एक साक्ष झाली की उरलेले सगळे नापास झाल्यासारखे बसतात. आणि ईयोबाच्या मित्रांचं एक बरोबर होतं हे विसरतो आपण : पहिले सात दिवस, सात रात्री ते जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोंड उघडल्यावर बिघडलं.

---

वसईकर_आगमन

कॅथलिक बाजूने थोडं. जमलं तर ही मालिका आगमनकाळाला लावून घ्या. नाताळाआधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. दर आठवड्याला एकच वाढते. थांबण्याला उपासनेत असा ठरलेला अवकाश असला की एकट्याने थांबल्यासारखं वाटत नाही. घरी लावताना नाताळाची गाणी आणि तारा आधीच लावू नका, मग वाट कशाची पाहायची?

---

दवाखाना_ड्युटी

या विषयात नेहमी राहून जाणाऱ्या दोन-तीन गोष्टी.

उपवास-प्रार्थना ठेवणार असाल तर इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. साखर अचानक खाली येते : घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. अशांना जेवणाऐवजी एक दिवस मोबाईलचा उपवास सांगा.

मूल होण्याबाबत ‘देवाची वेळ’ हे वाक्य घड्याळासमोर म्हणू नये. बाईचं वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, 35 च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही की तपासणी करावी, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी सुरुवातीलाच. ती सोपी आणि स्वस्त असते, तरी सगळ्यात शेवटी होते. बाईच्या तीन-चार तपासण्या होईपर्यंत नवरा प्रार्थनेवर विसंबून असतो.

गोळ्या बंद करून विश्वास दाखवायला सांगणारा कोणी सभेत आला तर त्याला माइक देऊ नका. विशेषतः मनाच्या आजारांच्या आणि फिट्सच्या गोळ्या अचानक बंद केल्या की धोका असतो. स्तोत्र वाचताना कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं बोललं तर त्याला त्या रात्री एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, टेली-मानस 14416 वर फोन लावून द्या, चोवीस तास चालतो आणि फुकट आहे.

---

बाकावरचा

‘बी पेरा’वाल्यांबद्दलही लिहा कोणीतरी. अडकलेलं काम सुटावं म्हणून अमुक रक्कम पाठवा, तेवढ्या दिवसांत उत्तर.

---

मधल्या_रांगेतली

हनन्याच तो, क्यूआर कोड घेऊन आलेला. पहिल्या आठवड्यातच सांगून टाका : तारीख आणि रक्कम एकाच वाक्यात आली की उठायचं.

---

जैतूनडहाळी

पाचव्या आठवड्याचं अडलंय. शेवट आशेने करावा असं पाळकसाहेबांचं म्हणणं. माझ्या मनात स्तोत्र 88 आहे, ते तर अंधारातच संपतं.

---

किती_काळ

88 च घ्या. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांना वळण असतं, याला नाही, आणि तरी ते संग्रहात ठेवलंय. पण एकटं नको. सोबत 2 करिंथ 12 : पौलाने देहातल्या ‘काट्या’साठी, म्हणजे न सुटणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, मिळाली ती कृपा. आणि इब्री 11, मात्र 13 आणि 39 ही वचनं घेऊनच. विश्वासवीरांच्या त्या यादीत वचन हाती न येताच मेलेले आहेत. पाळकसाहेबांना आशा हवी असेल तर ती याच तीन उताऱ्यांत आहे, फक्त ‘मागितलेलं मिळेलच’ या आकाराची नाही. त्यांच्याशी बोलून घ्या आधी, वर्गात वाद नको.

क्रम : 88 एकाने वाचायचं, नंतर तीन मिनिटं काही नाही. तीन मिनिटं फार लांब वाटतात, कोणीतरी गाणं सुरू करतंच, म्हणून आधी सांगून ठेवा आणि पेटीवाल्याला पेटी बंद ठेवायला सांगा. मग पौल, मग इब्री. चर्चा शेवटी.

---

भिंतीचा_मुकादम

आणि मालिका संपल्यावर तीन किल्ल्यांचं पान फेकू देऊ नका. सहा आठवड्यांनी एक बुधवार त्याच पानासाठी ठेवा. तिथे ‘उत्तर आलं का’ विचारायचं नाही, पहिल्या भागातल्या तारखा पाळल्या का एवढंच विचारायचं. दुसऱ्या भागातली माणसं फोन उचलत नसतील तर मंडळीतला कोणी त्यांना ओळखतो का ते पाहायचं. शिफारसपत्रं, स्थळं, चांगला डॉक्टर, भाड्याची खोली, यांतलं निम्मं अशाच ओळखीने सुटतं. नावं गोळा करायला एक वही आणि एक माणूस नेमा, पाळकसाहेब सोडून.